काउंटर तीन आणि धुतलेले तांदूळ

मोबाइलच्या पोटात, बॅटरीच्या खाली, एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. ओल लागली की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी संपली. तुम्ही फोन यमुनेत बुडवला की दिल्लीच्या ऑगस्टमध्ये नुसता खिशात घालून फिरलात, ठिपक्याला फरक कळत नाही. फोन विकताना या ठिपक्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पुढे जे लिहिणार आहे त्याने माझं हे मत बदललेलं नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि एका ग्राहक संघटनेत पत्रकं लिहायचे. हिंदीत. दिल्लीत वाढल्यामुळे मला चीड हिंदीतच यायची. मराठीत मी फक्त जेवायचे आणि घरच्यांशी बोलायचे. आम्ही गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहत होतो. लिफ्ट होती, गेटवर इंटरकॉम होता, ब्रोशरमध्ये तरणतलाव होता. तलावाच्या जागी खड्डा होता. त्या खड्ड्यावर माझं पहिलं पत्रक निघालं, आणि तेव्हापासून सोसायटीत कोणाचं काही बिनसलं की लोक मला बोलवायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वरच्या मजल्यावर काकू राहायच्या. काका ज्या कारखान्यात नोकरीला होते तो बंद पडला होता. स्वेच्छानिवृत्ती नावाची, जिच्यात स्वेच्छा सोडून सगळं असतं, ती गोष्ट घेऊन ते घरी बसले होते. घर चालायचं काकूंच्या हातावर, आणि त्यातलाही मोठा वाटा गणपतीच्या दिवसांचा. दिल्ली, नोएडा, गुडगाव, सगळीकडून मराठी माणसं चतुर्थीच्या सकाळी आमच्या गेटवर गाड्या लावून मोदकांचे डबे न्यायची. गार्डला वाटायचं, वर कोणीतरी मंत्री राहतो.

यात एक रीत पडून गेली होती. गिऱ्हाइकांनी फोन करायचा नाही, काकूंनी करायचा. आठ-दहा दिवस आधी काकू फोन घेऊन बसायच्या आणि एकेकाला विचारायच्या, "यंदा किती?" लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की काकूंचा फोन आला म्हणजे गणपती आले. आणि नाही आला तर? तर काकूंनी यंदा सोडलं असं समजून लोक दुसरीकडे वळणार. त्याच वर्षी जवळच्या मॉलमध्ये गोठवलेले मोदक आले होते. डब्यावर चकचकीत फोटो. काकांनी एक डबा आणून चाखला होता आणि म्हणाले होते, "साबण बरा." पण लोक साबणही विकत घेतात, हे काकांनाही माहीत होतं.

काकूंच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं नव्हती, हे आधी सांगायला हवं. काकू माणसांना खाण्यावरून ओळखायच्या. इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने, त्यांनी साठवलेलं असायचं: 'कमी गोड २१', 'गूळ काळा चालतो', 'जायफळ जास्त सासू', 'खसखस नको गुडगाव'. सिमकार्डात एवढी लांब नावं मावत नाहीत, म्हणून सगळं फोनच्या मेमरीत. खरं नाव विचारलं तर काकूंना दहांतल्या आठांचं सांगता आलं नसतं.

चतुर्थीला अकरा दिवस असताना काकूंनी दुपारी मला ऑफिसात फोन केला. "अगं, माझ्या फोनच्या काचेत आतून धुकं आलंय. चालतोय, पण आकडे नीट दिसत नाहीत."

धुकं कुठून आलं ते मला लगेच कळलं. मोदकपात्राच्या वरच्या फळीवर काकू तो फोन ठेवायच्या, म्हणजे वाफवता वाफवता ऐकू येतो. चाचणीचे घाणे सुरू झाले होते.

"काकू, आधी बंद करा," मी म्हटलं. "मागचं झाकण काढा, बॅटरी काढा आणि रात्रभर तांदळात पुरून ठेवा. डब्याचं झाकण घट्ट लावा. तांदूळ सगळी ओल ओढून घेतात."

"नक्की?"

"बिल्कुल. शंभर टक्के."

हे मी कुठे वाचलं होतं, मला आजही आठवत नाही. पत्रकात लिहितात तशा सुरात सांगितलं, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मेला होता. बटण दाबलं तरी ढिम्म. काकू आमच्या दारात तो तळहातावर घेऊन उभ्या होत्या, पडलेलं पाखरू धरावं तशा. फोन घेऊन पाच महिने झाले होते, वॉरंटी वर्षाची. मी म्हटलं, चला.

सर्व्हिस सेंटर नव्या मॉलच्या तळमजल्यावर होतं. काच, थंड हवा, टोकन. काउंटर तीनवर माझ्याच वयाची एक मुलगी होती, गळ्यात पट्टा, केस घट्ट ओढून बांधलेले. तिने फोन उघडला, ठिपका पाहिला, छापील फॉर्म पुढे सरकवला. "लिक्विड डॅमेज है मैम. वॉरंटी में नहीं आएगा."

"पानी में गिरा ही नहीं," मी म्हटलं.

"मैम, स्टिकर लाल है."

"तुम्हारे सेंटर में कभी बिना एसी के बैठो, तुम भी लाल हो जाओगी."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्या हसण्याने मला जोर चढला. मी विचारलं, ही अट विकताना का सांगत नाही, हा ठिपका दमट हवेत लाल होत नाही याचा पुरावा द्या, लिहून द्या, शिक्का मारून द्या. ती मुलगी दर वेळी "मैम, मैं समझ रही हूँ" म्हणायची आणि दर वेळी माझा आवाज एक पट्टी वर जायचा. काकूंनी दोनदा माझ्या ओढणीचं टोक ओढलं. मला वाटलं, त्या घाबरल्यात. मध्यमवर्गाची सवय, म्हटलं मनात.

परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, "ती पोरगी सकाळपासून उभी असेल गं. मागे खुर्ची होती, पण तिच्यावर फायली होत्या."

"काकू, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

"मी नंबरांच्या बाजूने आहे," काकू म्हणाल्या.

मी ऐकलं आणि ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'नमी हवा की, सज़ा ग्राहक को'. त्यात एक ओळ ठळक छापली होती: यह फ़ोन पानी के पास तक नहीं गया. आणि खाली, ज्या कोणाला असाच अनुभव आला असेल त्यांनी काउंटर नंबर तीनवरचा उद्धट नकार आम्हाला कळवावा, असं आवाहन. उद्धट हा शब्द मी शेवटी घातला. ओळ भरत नव्हती म्हणून.

काकांनी पत्रक चष्मा वर करून वाचलं. "छान आहे. आमच्या युनियनमध्ये तू असतीस तर कारखाना दोन वर्षं आधी बंद झाला असता."

दोन दिवस संघटनेतले आम्ही चौघं मॉलच्या दारात उभं राहून पत्रकं वाटत होतो. लोक घेत होते. नव्या उपनगरातल्या माणसाला राग पुष्कळ असतो, फक्त तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. तलाव नाही, पाणी नाही, पार्किंग नाही, आणि आता हा ठिपका. एकाने तर त्याच्या वॉशिंग मशीनची कहाणी सांगून पाच पत्रकं जास्त नेली. इकडे वर काकू रोज विचारत होत्या, "काही कळलं का गं?" आणि चतुर्थी जवळ येत होती. आंबेमोहोर पुण्याहून येऊन पडला होता. किती मोदक करायचे हे ठाऊक नसताना पिठी किती दळायची, नारळ किती सांगायचे, हे काकू कोणाला विचारणार?

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने आत बोलावलं. टाय, पाण्याची बाटली, गोड आवाज. कंपनीची चूक नाही, पण ग्राहक आमचा देव आहे, तेव्हा खास बाब म्हणून सेट बदलून देतो. नवा, सीलबंद. फक्त इथे सही करा आणि उद्यापासून दारात कोणी उभं राहू नका.

मी पेन उघडून काकूंच्या हातात दिलं. मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा ठरला होता.

"आणि यातले नंबर?" काकूंनी मराठीतच विचारलं. मग हिंदीत, "इसके अंदर के नंबर?"

"पुराना सेट तो कंपनी में जमा होगा, आंटीजी. डेटा की गारंटी नहीं होती."

काकूंनी पेनाला टोपण लावलं. मेलेला फोन टेबलावरून उचलला, पदराने पुसला, पिशवीत टाकला. "नहीं चाहिए," म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर आल्यावर मी जवळजवळ ओरडलेच. "काकू, आपण जिंकलो होतो. चार दिवस घातलेत मी यात."

"तू जिंकलीस गं. नवा फोन घेऊन मी काय करू? कोणाला लावू?"

तेवढ्यात काउंटर तीनवरची मुलगी पाण्याचा ग्लास भरायचं निमित्त करून आमच्यापाशी आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. काकूंना म्हणाली, "आंटी, यहाँ खोलेंगे तो बोर्ड ही बदल देंगे. नंबर चाहिए तो करोल बाग ले जाओ, किसी पुराने कारीगर के पास. और चार्जर मत लगाना, जल जाएगा." आणि गेली.

हे तिने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, असं मी म्हणणार होते. पण पहिल्या दिवशी मी तिला बोलू कुठे दिलं होतं.

शाहदऱ्यापर्यंत शेअर ऑटो, पुढे मेट्रो. काकूंनी सारा वेळ पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. करोल बागेत कारचे पार्ट आणि लग्नाचे लेहंगे यांच्या मधल्या एका जिन्याखाली आम्हाला साठीचे एक सरदारजी सापडले. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग व्हीसीआर, आता मोबाइल. "चीज़ें छोटी होती गईं, चश्मा मोटा होता गया," ते म्हणाले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी फोन उघडला.

मग ब्रशने काहीतरी खरवडून बोटावर घेतलं. "बहनजी, इसमें मैदा किसने भरा?"

"मैदा नहीं," काकू हळू म्हणाल्या. "चावल."

"चावल तो सूखा होता है. ये तो लेई बन के जम गया है. पानी ने इतना नहीं मारा, इसने मारा."

मी काकूंकडे पाहिलं. "काकू, कोणते तांदूळ?"

काकूंनी पदर सारखा केला.

"काकू."

"मोदकाचे गं. धुतलेले. पलंगावर पंख्याखाली पसरले होते, वरून कोरडे लागले हाताला. आमच्याकडे खायचे तांदूळ असतात एवढेसे, बरणीत. फोन बुडला नसता त्यात. तू म्हणालीस पुरून ठेवा, झाकण घट्ट लावा. म्हणून मोठ्या डब्यात घातला."

दिल्लीच्या ऑगस्टमध्ये धुतलेले तांदूळ चार दिवसांत वाळत नाहीत, हे काकूंना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. आणि तरी बिल्कुल, शंभर टक्के, हे मी म्हटलं होतं. मागचं झाकण उघडं, बॅटरी बाहेर, रात्रभर ओलसर तांदळात. म्हणजे नुसतं धुकं आलेल्या, चालत्या फोनला मीच पुरलं होतं. आणि मग त्याच्या मयतीवर पत्रकं काढली होती.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सकाळी डबा उघडला तेव्हाच कळलं होतं मला. पण तू इतक्या तावातावाने निघालीस. मध्येच कुठे सांगू?" मग म्हणाल्या, "आणि तू चांगलंच सांगितलं होतंस गं. तांदूळ माझे चुकले."

ओढणीचं टोक दोनदा ओढलं होतं ते मला आठवलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. सरदारजींना मराठी येत नव्हती, पण त्यांनी न विचारता माझ्यासाठी चहा सांगितला.

तास-दीड तास ते थिनर आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासत होते, फुंकत होते, दिव्याखाली धरत होते. काच तर गेलीच होती. शेवटी त्यांनी दुसऱ्या फोनची काच बारीक तारांनी जोडली, बॅटरीला चिमटे लावले आणि म्हणाले, "सेट नहीं बचेगा. थोड़ी देर जागेगा. जो लिखना है, फटाफट लिख लो. गरम होते ही सो जाएगा."

उजेड आला. काकूंच्या तोंडून नुसता श्वास निघाला.

कागद? माझ्या झोळीत कागद पुष्कळ होते, सगळे एका बाजूला छापलेले. मी पत्रकांचा गठ्ठा उलटा केला. सरदारजी बटण दाबायचे, काकू वाचायच्या, मी लिहायचे.

"अननस चालेल. लिही. अकरा फक्त नोएडा. बिनखसखस डॉक्टर."

"काकू, नाव?"

"हेच नाव. पुढे."

'गूळ काळा चालतो'. 'कमी गोड' पाच होते, प्रत्येकाच्या पुढे वेगळा आकडा. 'जायफळ जास्त सासू' आणि तिच्या शेजारी 'जायफळ नको सून', एकाच घरातल्या, वेगवेगळे डबे. काकू वाचता वाचता मध्येच सांगायच्या, हिचे मिस्टर गेले मागच्या वर्षी, हिला एकवीस विचारायचे नाहीत. मी समासात लिहायचे. पानाच्या पलीकडच्या बाजूने माझी ठळक शाई उमटून दिसत होती: पास तक नहीं गया. एक पत्रक भरलं, दुसरं, तिसरं. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आम्ही एस संपवला. सरदारजींनी बोर्डाला बोट लावलं आणि मान हलवली. टी आला. काकूंनी "तळ" एवढंच वाचलं आणि काच काळी झाली.

पुन्हा नाही पेटली. सरदारजींनी तीन वेळा करून पाहिलं.

"तळणीचे सगळे गेले," काकू म्हणाल्या. "आणि व्ही. वेलची नकोवाले." मग गठ्ठा चाचपून म्हणाल्या, "पण हे आले की. हे किती आले बघ."

परतीच्या मेट्रोत काकू ती पत्रकं उलटी धरून पुन्हा पुन्हा वाचत होत्या. समोरचा माणूस त्यांच्या हातातली छापील बाजू वाचत होता. मला तिकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी मी मॉलमध्ये गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते, म्हणजे तशी वाक्यं जुळवत गेले होते. काउंटर तीनवर एक मुलगा होता. आधीची मॅडम? दुसऱ्या सेंटरला पाठवलं, म्हणाला, तिच्या नावाने तक्रारी आल्या होत्या. कुठल्या सेंटरला, त्याला ठाऊक नव्हतं. तक्रारी लोकांनीच केल्या होत्या; मी फक्त काउंटरचा आकडा आणि तो शब्द पुरवला होता. या गोष्टीची भरपाई अजून झालेली नाही आणि होईल असं वाटत नाही.

घरी आले तर काकू काकांच्या जुन्या फोनमध्ये आपलं सिमकार्ड घालून बसलेल्या. "कमी गोड ना तुम्ही? हो हो, मीच. यंदा किती?" पलीकडची माणसं हसत असावीत. काका वहीत आकडे मांडत होते. मला पाहून म्हणाले, "आला मोर्चा. बस."

"काका, तळणीचे कसे शोधायचे?"

"तू पत्रकं लिहितेस ना?" काका म्हणाले. "मग लिही."

माझं पहिलं मराठी पत्रक काकूंच्या ओट्यापाशी लिहिलं गेलं. मी सुरुवात केली, 'समस्त मराठी बंधू-भगिनींनो'. काकू म्हणाल्या, काट. 'एका कष्टकरी गृहिणीवर ओढवलेल्या'. काट. "अगं, लोकांना मोदक हवेत, भाषण नको." शेवटी उरलं ते एवढंच: गाझियाबादच्या काकूंकडून दरवर्षी तळलेले मोदक नेणारे आणि वेलची न चालणारे, यांचे नंबर फोन बिघडल्यामुळे हरवले आहेत. काकू मोदक करत आहेत. कृपया या वर्षी तुम्हीच फोन करा. खाली नंबर, जुनाच, कारण सिमकार्ड शाबूत होतं. 'फोन बिघडल्यामुळे' या शब्दांवर मी थांबले. तिथे मला खरं लिहायचं होतं. काकू म्हणाल्या, "राहू दे. ओळ वाढेल."

कस्तुरबा गांधी मार्गावर राज्य सरकारचं अतिथिगृह आहे. तिथल्या उपाहारगृहात दिल्लीतली निम्मी मराठी माणसं कधी ना कधी थालीपीठ खायला येतात. फलकावर लावायला परवानगी मागितली. मागितली, हे मुद्दाम लिहिते. आधी मी नुसती चिकटवत असे. व्यवस्थापकांनी कागद वाचला, खिशातून टाचणी काढली आणि म्हणाले, "मीही तळलेलेच नेतो. अकरा लिहा."

त्या संध्याकाळपासून फोन वाजू लागला. सगळे नाही आले. काही मॉलकडे गेले असतील, काहींनी तो कागद पाहिलाच नसेल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी काकूंच्या स्वयंपाकघरात नारळ खवत होते. ते काम मला दिलं होतं, कारण त्यात डोकं लागत नाही असं काकांचं म्हणणं. फोन आता वरच्या फळीवर नव्हता, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर होता. तो वाजला आणि काकूंचे हात उकडीत होते, म्हणून मी घेतला. कोणी बाई होत्या. म्हणाल्या, फलकावर वाचलं, आम्हाला दरवर्षी काकूच फोन करतात, आम्ही वाट बघत होतो.

मी वही ओढली. "नाव सांगता?"

आतून काकूंचा आवाज आला. "नाव कशाला? वेलची नको ना, विचार."

"वेलची नको ना?" मी विचारलं.

"अगदी थोडीसुद्धा नको," बाई म्हणाल्या. "एकवीस."